लढाई चालू असताना कायदा कशाला शिकायचा?

‘तुना कायदा कोन ऐकस रे भाऊ?’ मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानची लढाई झाली तेव्हापासून अमळनेरचे काका फोनवर हेच विचारतात. मी नेदरलँड्समध्ये आंतरराष्ट्रीय कायदा शिकतो, आणि त्यांचा प्रश्न इथल्या वर्गातही उडवून लावता येत नाही. १६ मार्च २०२२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं. रशिया थांबला नाही. आणि युक्रेनसाठी कायद्याची पोथी उघडणारी इथली कितीतरी सरकारं गाझाचा विषय निघाला की नुसती पानं चाळत बसतात.

तरी गावाकडच्या ग्रुपवर ‘आता बोलणी नको, ठोकाच’ असं लिहिणाऱ्यांना मी फेब्रुवारी २०१९ ची आठवण देतो. १४ ला पुलवामा. १८ ते २१ हेगमध्ये, पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याची सुनावणी, आपल्या बाजूने वकील हरीश साळवे. २६ ला बालाकोट. त्याच पंधरवड्यात विमानंही गेली आणि वकीलही. जुलैत निकाल बराचसा आपल्या बाजूने लागला: फाशीचा फेरविचार करा, तोवर ती देऊ नका. सुटकेची मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली.

मला कच्छचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं, कारण तिथे आपल्याला पदरचं द्यावं लागलं. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानशी चकमकी झाल्या, ३० जूनला लवादाचा करार झाला आणि सप्टेंबरात तर उघड युद्धच पेटलं. करार तरीही मोडला नाही. लवाद जिनिव्हात बसला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याने वादातल्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. देशात गदारोळ झाला, सरकारने निकाल पाळला. सर क्रीक या तिथल्याच खाडीचा तुकडा त्या लवादापुढे ठेवलाच नव्हता. त्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

शिवाय लवाद म्हणजे वेळकाढूपणा, हे आपण खान्देशी लोकांनी कोणत्या तोंडाने म्हणावं? नंदुरबारसाठी नर्मदेचं पाणी मागायचं तर १९७९ च्या लवादाने महाराष्ट्राला दिलेल्या १०.८९ टीएमसीवरच बोट ठेवावं लागतं.

काका म्हणतात, तो घरातला वाद, गुजरातकडे कुठे तोफा आहेत? नाहीत, खरंय. पण १९६५ मध्ये पाकिस्तानकडे होत्या.