चार तासांची झोप आणि चाणक्याचा फोटो

महिन्यापूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक मेसेज ढकलला. वर चाणक्याचा फोटो (तो कुणी काढला, देव जाणे) आणि खाली पाच मंत्र: यशस्वी माणसं चार तासच झोपतात, २१ दिवसांत शरीराला सवय होते, ऑफिसात चिडचिड करणारे मनाने दुबळे असतात, ताणाशिवाय हिरा घडत नाही, उरलेली झोप रविवारी काढा. काका स्वतः दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, ते सोडा. असले मेसेज मी न वाचता पुसते. पण माझ्या भाच्यानं हा मनावर घेतला आणि सव्वाचारचा गजर लावला. पोरगा हिंजवडीत नोकरीला. रात्री साडेनऊला ऑफिसातून निघतो, झोपायला बारा वाजतात.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या वरिष्ठांनी एका फाइलवर ‘एकदा परत बघ’ एवढंच लिहिलं. यानं सगळ्या टीमला कॉपी ठेवून चार परिच्छेदांचं उत्तर पाठवलं. त्यावर वहिनीचा मला फोन: “ताई, हा असा नव्हता हो.” म्हणून हा खटाटोप.

आधी ते २१ दिवसांचं पिल्लू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. नाक बदललेल्या माणसाचा आरसा आणि तुमची झोप यांचा संबंध काय?

झोपेवरचा खरा प्रयोग २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसं घेतली. काहींना रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार, सलग १४ दिवस. एका गटाला तर तीन रात्री अजिबातच नाही. स्क्रीनवर खूण दिसली की बटण दाबायचं, अशी साधी परीक्षा दिवसातून अनेकदा. आठ तासवाले जवळपास होते तिथेच राहिले. सहा आणि चारवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, आणि शेवटी सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी त्यांची गत झाली. पण खरी गोम पुढे आहे. ‘किती झोप येतेय?’ असं विचारलं की पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलेनात. चुका वाढताहेत आणि माणूस म्हणतोय, मी ठीक आहे! सवय होते ती एवढ्याचीच: आपण पेंगतोय हे न कळण्याची. त्यामुळे ‘मला चार तास पुरतात’ हा पुरावा नव्हे, बऱ्याचदा ते लक्षण असतं.

आता भाच्याचा हिशोब. सव्वाचारला उठला, रात्री साडेनऊला बाइक काढली, म्हणजे सव्वासतरा तास जागा. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली मोजलं होतं, की १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. एक थेंब न घेता पोरगा वाकडच्या पुलावर ‘टाकून’ गाडी चालवतोय. आणि त्या प्रयोगातली माणसं आदल्या रात्री नीट झोपलेली होती.

चिडचिड म्हणजे दुबळं मन? मी भोसरीतल्या एका कारखान्यात १९ वर्षं क्वालिटीत काढली. थर्ड शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत गेज चुकीचा वाचला जायचा आणि सकाळी हँडओव्हरला हमखास भांडण. तीच माणसं फर्स्ट शिफ्टला आली की एकमेकांना चहा पाजायची. आठवड्या-आठवड्याला मन दुबळं-सबळ होत होतं का? मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रात्रभर जागवलेल्यांचे मेंदू तपासले. नकोशी चित्रं बघताना भीती-राग पेटवणारा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भडकत होता, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा धागा सैल झाला होता. ‘परत बघ’ हे दोन शब्द अपमान वाटतात ते असे.

बॉसलोकांनीही हसू नये. क्रिस्टोफर बार्न्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात ज्या रात्री साहेबाची झोप मोडलेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो हाताखालच्यांशी जास्त वाईट वागायचा आणि सगळ्या टीमचंच कामातलं लक्ष उडायचं. तिथे प्रश्न तासांपेक्षा झोपेच्या प्रतीचा होता. ती बिघडवायला डोक्यात फिरणारी उद्याची मीटिंग पुरते. मग झोप नाही म्हणून मीटिंगमध्ये खटका, आणि खटक्यामुळे पुन्हा झोप नाही.

हिऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं. अवघड काम मध्यम झटक्यात सगळ्यात लवकर जमलं, जोराच्या झटक्यात बिघडलं. मेसेजमध्ये दुसरा अर्धा भाग गाळलाय.

कमी झोपेवर खरोखर ठणठणीत राहणारी माणसंही असतात. यिंग-हुई फू यांच्या चमूला २००९ साली एका घरातल्या मायलेकींत डीईसी२ या जनुकातला बदल सापडला. त्यासुद्धा सव्वासहा तास झोपायच्या, चार नव्हे. आणि आमचे आजोबा पहाटे साडेचारला उठत, हेही खरं. पण साडेआठला त्यांचं अंथरूण पडलेलं असे.

रविवारी दुपारपर्यंत लोळलात, तर रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारची सकाळ कशी जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर आणखी काय लिहायचं?

भाच्यानं गजर काढला की नाही, विचारलं नाही. परवा रात्री पावणेबाराला मात्र त्याचा मेसेज आला: “आत्या, तो पेनसिल्व्हेनियावाला अभ्यास पाठव ना.” मी मुद्दाम सकाळी पाठवला.