पंखा बंद करा, भाऊ पाटावर बसलाय!

भाऊबीजेला कौतुक होतं ते ओवाळणाऱ्या बहिणीचं. ओवाळून घेणं हेही काम आहे, हे कोणी मानत नाही. आम्हां भावांना वाटतं, पाटावर बसायचं, कुंकू लावून घ्यायचं, पाकीट टाकायचं आणि बासुंदीकडे वळायचं. प्रत्यक्षात पाटावर टेकल्याक्षणी माणसाचा मामला देवघरातल्या मूर्तीसारखा होतो. म्हणजे तो काहीच बोलत नाही आणि त्याच्याबद्दल बाकी सगळे बोलतात.

सुरुवात पाटापासून. पाटाखाली रांगोळी हवी, म्हणून सकाळी कोणीतरी कंबर मोडून ती काढतं. मग तिच्यावर पाट ठेवायचा, म्हणजे ती दिसत नाही. दिसते ती भाऊ उठल्यावर, त्याच्या पांढऱ्या सलवारीवर. दोन बोटांची चार स्वस्तिकं पाटाच्या चार पायांपाशी काढली तरी शास्त्र पूर्ण होतं आणि धोब्याचा त्रास वाचतो, पण हे सांगणाऱ्याला आळशी म्हणतात.

मग तोंड कुठे करायचं? पूर्वेला. दक्षिणेला मुळीच नको, ती यमाची दिशा. गंमत अशी की कार्तिक शुद्ध द्वितीयेला खुद्द यमच यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ही यमद्वितीया. पण पाहुण्याच्या घराकडे मात्र कोणी तोंड करायचं नाही. हॉलमध्ये पूर्व नेमकी कुठे, यावर दोन काका भांडतात, शेवटी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं जातं आणि ते चपलांच्या कपाटाकडे बोट दाखवतं. भाऊ चपलांकडे बघत बसतो.

डोकं उघडं चालत नाही. घरात काळी टोपी एकच असते आणि ती आजोबांच्या मापाची. मोठ्या डोक्यावर ती बाटलीच्या बुचासारखी बसते, लहान पोराच्या नाकापर्यंत येते. टोपी दुसऱ्या खोलीत गेलेली असेल तर रुमाल. रुमालाची घडी न मोडता ठेवला तर तो मान खाली करताच निरांजनावर पडतो. पूर्ण उलगडून, एक टोक कपाळाकडे घेऊन ठेवला तर टिकतो.

आता ताम्हन. त्यात हळद-कुंकवाची कोयरी, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाचं निरांजन. वस्तू मोजून पाच, पण आयत्या वेळी एक तरी गायब असतेच, बहुधा सुपारी. ताम्हन हातात धरून फिरवायचं असल्याने निरांजन त्यात घसरतं. त्याच्या बुडाला तुपाचा ओघळ लागलेला असेल तर ते थेट भावाच्या मांडीकडे निघतं. म्हणून बूड कोरडं पुसून त्याखाली चिमूटभर अक्षता पसराव्या. चांदीचं निरांजन दिसायला देखणं असलं तरी वजनाला हलकं. चार भावांना ओवाळायचं असेल तर रुंद बुडाचं पितळी बरं. सुपारीही सपाट बाजूवर उभी ठेवावी. आडवी ठेवली की ती ताम्हनात गोल गोल प्रदक्षिणा घालते, आणि कोणाला ओवाळायचं चाललंय तेच कळत नाही.

निरांजन विझतं ते वाऱ्यानेच, असा घरातल्या पुरुषांचा समज असतो. म्हणून "पंखा बंद करा" ही आरोळी. पंखा बंद होतो, सगळे घामाघूम होतात आणि निरांजन तरीही विझतं. कारण तूप थिजलेलं असतं. पुण्या-नाशकाकडे दिवाळीच्या सकाळी तूप पांढरंफेक आणि घट्ट असतं. वरून कोरडी फुलवात खोचली की ती पेटते छान, पण खालचं तूप वर चढत नाही. ज्योत कापूसच खाते आणि मिनिटभरात धूर. उपाय सोपा आहे. फुलवाती आदल्या रात्री पातळ तुपात भिजवून ठेवाव्या, निरांजनात तूप कोमट करूनच घालावं, वातीचं टोक पिळून उभं करावं आणि त्यावर कापराची चूर लावावी. एका काडीत पेटते. हे माहीत असूनही दरवर्षी सहा काड्या जातात.

कुंकू अनामिकेने लावायचं. बोट पाण्यात जेमतेम टेकवायचं. जास्त ओलं झालं की कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत येतं आणि भाऊ रणांगणावरून आल्यासारखा दिसतो. कोरडं राहिलं तर तेलकट कपाळावर ते मुळीच धरत नाही. त्यावर अक्षता दाबायच्या, चार-पाच दाणे, आख्खे. क्षत म्हणजे तुटलेलं, ते नसलेली ती अक्षता, त्यामुळे कणी चालत नाही. उरलेल्या अक्षता डोक्यावर टाकायच्या. टोपी घातलेली असल्याने त्या डोक्यावर न राहता कॉलरमधून पाठीत उतरतात. रात्री अंघोळीला गेल्यावर दोन दाणे सापडतात, तोपर्यंत टोचत असतं ते हेच.

खरा गोंधळ पुढे. आधी सुपारी आणि अंगठी चिमटीत एकत्र धरून ओवाळायची, ताम्हनाला टेकवायची, असं तीनदा. मग निरांजनाचं ताम्हन. भावाच्या उजव्या खांद्यापासून वर नेत डाव्या खांद्याकडे. समोर बसलेल्या बहिणीच्या बाजूने पाहिलं तर हे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आहे. भावाच्या मागे उभं राहून पाहिलं तर बरोब्बर उलट. आणि घरातले जाणकार दोन्ही बाजूंना उभे असतात! एकीकडून आत्या म्हणते, "अगं उजवीकडून!" पलीकडून मोठी काकू म्हणते, "उलटं चाललंय!" दोघी आपापल्या जागेवरून अगदी बरोबर असतात. बहीण अर्ध्यात थांबते, ताम्हन मागे घेते, पुन्हा सुरू करते. वादावर तोडगा एकच, दोघींना एकाच बाजूला उभं करायचं. आजवर कुठल्याही घरात हे जमलेलं माझ्या ऐकिवात नाही.

एवढ्यात फोटो काढणारा म्हणतो, "आलाच नाही, परत एकदा."

आणि गणित विसरू नका. चार बहिणी, पाच भाऊ म्हणजे वीस औक्षणं. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी तास. दहाव्याला पितळ एवढं तापलेलं असतं की ताम्हन ओढणीच्या टोकाने धरावं लागतं. प्रत्येक औक्षणाला एक पेढा. चौथा भावाच्या गालात तसाच असतो, म्हणून "दीर्घायुषी हो"ला तो नुसती मान हलवतो.

ओवाळणीबद्दल काय बोलावं! आदल्या दिवशी पाडव्याला बायकोने ओवाळलेलं असतं, म्हणजे खिसा आधीच हलका. एटीएम बहुधा पाचशेच्याच नोटा देतं. १०१ द्यायचे म्हटले तर शंभराची नोट शोधायला वाण्याकडे जावं लागतं. वरचा एक रुपया चिकटवलेली पाकिटं मिळतात म्हणून निभतं. नोट उघडी टाकायची असेल तर निरांजनाच्या पलीकडे, कुंकवापासून लांब टाकावी. कडेला जळलेली पाचशेची नोट बँकेत बदलायला नेणाऱ्या बहिणीला भाऊ किती प्रेमळ आहे ते सांगत बसावं लागतं. धाकटी भाची आता ताम्हनाशेजारी क्यूआर कोडचा कागद ठेवते. मला पटत नाही, पण पैसे जळत नाहीत हे खरं. आणि ओवाळणी सख्ख्या बहिणीलाच घालावी असं थोडंच आहे? महर्षी अण्णा कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेने भाऊबीज फंडाच्या नावाने समाजाकडे ती मागितलीच की.

संध्याकाळी चंद्राची पाळी. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. आईचा भाऊ झाला म्हणून तर तो आपला मामा. पण बीजेची कोर बारीक, आणि सूर्य बुडाल्यावर फार तर दीड तासात ती पश्चिमेला मावळते. तोवर समोरच्या बिल्डिंगच्या टाकीआड तरी जातेच. म्हणून साडेसहालाच ताम्हन घेऊन गच्ची गाठावी. हा भाऊ हलत नाही, मध्ये बोलत नाही आणि त्याला टोपीही लागत नाही.

सगळं उरकलं की ताम्हन आवरायला घेतात. अंगठी आधी मोजली जाते, ती असते. कोयरी असते, निरांजन असतं. सुपारी नसते. "आत्ता तर होती!" सोफा सरकवला जातो, पाट उचलला जातो, लहान पोराच्या तोंडात बोट घालून पाहिलं जातं. शेवटी टीव्हीच्या कपाटाखाली झाडू घातला की ती टकटक करत बाहेर येते. हातात घेऊन बघितलं तर ती पाडव्याची.