गाणं अडखळतं म्हणून प्लेअर रिसेट मारू नका

शनिवारी रात्री नौपाड्यातून काकांचा फोन. "अरे, माझ्या सगळ्या याद्या गेल्या." ते हॉलमधल्या हार्ड डिस्कवरची गाणी वायफायवरून आतल्या खोलीतल्या प्लेअरवर ऐकतात. गाणं मध्येच अडखळायचं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘म्युझिक प्लेअर अडकतो? 5 खात्रीचे उपाय’ असा फॉरवर्ड आला आणि त्यांनी तो पाळला. मलाही तो या आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय. आता पुरे.

‘फॅक्टरी रिसेट मारा.’ सगळ्यात मोठं नुकसान यानेच होतं. रिसेट मारला की प्लेअर कोरा होतो. वायफायचा पासवर्ड, डिस्कचा पत्ता, त्यात साठवलेल्या प्लेलिस्ट, सगळं पुसलं जातं. काकांनी चार वर्षं बसून प्रहराप्रमाणे याद्या लावल्या होत्या. पहाटे भैरव, मग तोडी, दुपारी सारंग. गाणी डिस्कवर होती म्हणून वाचली. आणि अडखळणं जिथल्या तिथे, कारण बिघाड प्लेअरमध्ये नव्हताच! राउटर टीव्हीच्या कपाटात कोंडलेला, मध्ये जुन्या इमारतीच्या दोन जाड भिंती. रविवारी जाऊन फोनवर तपासलं तर वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारपाजारची 19 नेटवर्क दिसली, बहुतेक चॅनल 6 वर (चॅनल म्हणजे त्या पट्ट्यातली एक मार्गिका), काकांचंही तिथेच, म्हणून गर्दी. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल धरायची तर 1, 6 आणि 11, बस.

‘300 एमबीपीएसचा प्लॅन घ्या.’ कशाला? गाणं घरातल्या डिस्कवरून घरातल्या प्लेअरवर जातंय, इंटरनेटचा संबंधच नाही. गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली, दोन दिवस नेट नव्हतं, तेव्हाही काकांची गाणी लागत होती. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता पाठवला तरी सेकंदाला 1.4 मेगाबिट लागतात, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) त्याहून कमी.

‘ऑडिओसाठीची खास लॅन केबल लावा, तबला मोकळा वाजतो.’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. डिसेंबर 2024 मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने फ्लॅकचं अधिकृत विवरण प्रसिद्ध केलं, आरएफसी 9639. ते उघडून बघा. फ्लॅकच्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे आवाजाच्या तुकड्याच्या, शेवटी 16 बिटांचा सीआरसी हा चूक पकडणारा आकडा असतो, आणि मूळ आवाजाची एमडी5 खूण फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली असते. वाटेत एक बिट जरी बदलला तरी पकडता येतो. त्याआधी इथरनेटची, म्हणजे लॅन केबलवरच्या जोडणीची, स्वतःची तपासणी आहेच, आणि टीसीपी ही माहिती पोचवायची पद्धत हरवलेला तुकडा पुन्हा मागवते. केबल खराब असेल तर गाणं तुटेल, थांबेल. तबला मोकळा आणि तानपुरा गोड करणं तिच्या हातात नाही.

‘राउटरची फायरवॉल बंद करा.’ अजिबात नको. घरातल्या घरात जाणारं गाणं तिथे अडतच नाही, बाहेरच्यांना मात्र दार उघडं मिळतं.

उरला ‘राउटर बंद करून चालू करा.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. चॅनल ऑटोवर असेल तर चालू होताना राउटर कमी गर्दीचं चॅनल शोधतो, म्हणून दोन-चार दिवस बरं वाटतं. गर्दी वाढली की पुन्हा तेच.

आम्ही राउटर कपाटाबाहेर काढला आणि 12 मीटरची साधी कॅट 6 लॅन केबल दाराच्या चौकटीवरून प्लेअरपर्यंत नेली. त्यानंतर गाणं एकदाही तुटलेलं नाही. याद्या पुन्हा लावायला घेतल्यात, या वेळी प्रत डिस्कवरही ठेवतोय. काल रात्री तोडी संपवून सारंगापर्यंत आलो.