आखलेलं पुणं नक्की कुणासाठी आखलं होतं?

दर पावसाळ्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो. वर कॅम्पातल्या झाडांच्या सावलीतल्या रस्त्याचा फोटो, खाली पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत ही झोपडपट्टी. मजकूर असा: इंग्रजांनी पुणं नीट आखलं होतं, झोपडपट्ट्यांनी त्याची वाट लावली, हे लोक रोगराई पसरवतात, पाणी-वीज फुकट वापरतात आणि पक्की घरं दिली तरी ती विकून पुन्हा झोपडीत येतात. शिकलीसवरलेली माणसं हे बिनदिक्कत पुढे ढकलतात, याचा मनापासून संताप येतो.

इंग्रजांनी पुणं आखलंच नाही. त्यांनी छावणी आखली. 1817 मध्ये खडकीच्या लढाईनंतर शहर त्यांच्या हाती गेलं आणि पेठांच्या पूर्वेला, म्हणजे आजच्या कॅम्पात, आणि खडकीला लष्कर बसलं. ऐसपैस बंगले, कवायतीची मैदानं, रुंद रस्ते हे सगळं साहेबासाठी. त्याचा पंखा ओढणारा, घोड्याचा मोतद्दार, पाणक्या, धोबी, मैला उचलणारा यांनी राहायचं कुठे? बंगल्यामागच्या खोल्यांत, नाहीतर बाजाराच्या दाटीत. वाईट हवेने रोग होतात अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती, म्हणून देशी वस्तीपासून अंतर राखणं हा छावणीच्या आखणीचा पायाच होता. माणूस राबायला हाताशी हवा, पण नजरेआड राहायला हवा. आज बाणेरच्या टॉवरचा नकाशा उघडून बघा: चार मजली पार्किंग सापडेल, पण दिवसभर घरोघरी भांडी घासणाऱ्या मावशींसाठी संडास कुठे दाखवलाय ते शोधावं लागेल.

पाण्याचंही तसंच. खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात उभं राहिलं, ते शेतीला आणि छावण्यांना पाणी मिळावं म्हणून. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून जातो. 27 सप्टेंबर 2018 ला तो तिथेच फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत घरंच्या घरं पाण्यात गेली. ‘नीट आखलेल्या’ पुण्याचा हा फोटो फॉरवर्डमध्ये नसतो.

रोगराईचा आरोप तर पुणेकरांनी करूच नये. 1897 च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी पेठांतले वाडे झडतीसाठी उघडले, सामान रस्त्यावर फेकलं, माणसं उचलून छावण्यांत नेली. त्यांच्या लेखी सदाशिव पेठसुद्धा एक घाणेरडी, धोकादायक वस्तीच होती. चापेकरांच्या संतापाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तीच सोल्जरांची नजर आपण दांडेकर पुलाकडे वळवतो. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढच्याच वर्षी एका फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. दोष वाड्यातल्या माणसांचा नव्हता. वस्तीतही आजार होतात ते अपुऱ्या पाण्याने आणि कित्येक घरांत मिळून एक संडास असल्याने. उलट शहराचा कचरा दारोदार गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका बहुतेक याच वस्त्यांतून पहाटे बाहेर पडतात.

फुकट वीज-पाण्याबद्दल फार लिहायला नको. वस्तीत महावितरणची मीटरं आहेत, त्यांची बिलं येतात, घोषित झोपडपट्टीत महापालिका सेवाशुल्क घेते, आणि साबणाच्या वडीवरचा जीएसटी सगळ्यांना सारखाच.

घरं विकली जातात, हे मात्र काही ठिकाणी खरं आहे. का जातात ते बघायला हवं. वस्तीतली दहा बाय बाराची खोली म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे. पोटमाळ्यावर थोरला मुलगा आणि सून, लोखंडी शिडीखाली पाण्याचा निळा ड्रम, उंबऱ्याला लागून शिवणयंत्र, आणि गिऱ्हाईक गल्लीतूनच ब्लाउज टाकून जातं. हेच घर हडपसर किंवा वारज्याच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर नेलं की गिऱ्हाईक तुटतं, दोन बस बदलून कामावर जावं लागतं आणि वर लिफ्टचा मेंटेनन्स. मग माणूस पुन्हा कामाजवळ येतो. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या बेघरांसाठी सरकारने गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर उभी केली. ते योग्यच होतं. त्या कुटुंबांना आजवर कुणी फुकटे म्हटलेलं नाही.

वस्ती न उठवता सुधारता येते हे नवीन नाही. 1914 नंतर हिंदुस्थानभर फिरलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंग्रज अधिकाऱ्यांना हेच सांगत होते, की दाट मोहल्ले सरसकट पाडू नका, जपून मोकळे करा. येरवड्यात केंद्राच्या योजनेतून ते प्रत्यक्षात झालं. महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघरी बसल्या, जुनी घरं उतरवून जागच्या जागी सुमारे 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली, खर्चाचा दहावा हिस्सा रहिवाशांनी घातला. गल्ली तीच, शाळा तीच, काम तेच. पर्वतीच्या उतारावरची काही घरं दरडीच्या धोक्यामुळे हलवावीच लागतील. ती दत्तवाडी-सिंहगड रस्त्याच्या आसपासच हलवा, वारज्याला नको.