सांगायचं कुणी, आणि कितवीत?

"सांगितलं की पोरं करणार. नाही सांगितलं तर निदान भीती तरी राहते," दिलीप म्हणाला.

अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आतून बाळूनं उत्तर दिलं, "भीती राहते की. पण ती माझ्या दुकानात यायची. बाकी कशाची नाही."

कोल्हापूरच्या राजारामपुरीत बाळूचं मेडिकल आहे आणि रात्री साडेनऊनंतर त्याच्या पायऱ्या आमच्या असतात. दिलीपचा पोरगा नववीत. शाळेत लैंगिकता शिक्षणाचं सत्र होणार म्हणून संमतीपत्र आलेलं, त्यावर सही करायची की नाही हे ठरवायला साहेब कट्ट्यावर आले होते. बायकोला विचारलं नव्हतं, पोराला तर नाहीच.

बाळू गल्ला मोजता मोजता बाहेर आला. "पोरं कशी येतात बघायचंय? आधी क्रोसिन मागतात. मग विक्स. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर ओआरएसला संत्र्याचा फ्लेवर आहे का विचारतात. सगळे गेले की काचेकडे बोट. नाव घेत नाहीत. साइज विचारली तर पळून जातील म्हणून मीही विचारत नाही."

"आणि हा देतो कसं सांगू?" वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे बाळूची बायको, हायस्कूलला विज्ञान शिकवतात. "कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत, चोरीचा माल असल्यासारखं. पॅडलाही तीच पिशवी."

"अगं, गिऱ्हाईकच मागतं!"

"तू न मागता देतोस."

बाळूनं मग एका इंजिनिअरिंगच्या पोराची गोष्ट सांगितली. आला आणि म्हणाला, ती गोळी द्या. कुठली? नको असेल तर घेतात ती. कधीची गोष्ट? दोन आठवडे झाले. बाळूनं त्याला बाजूला घेऊन समजावलं. इमर्जन्सी गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भ राहू नये म्हणून असते. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असला तर त्या घेऊन जिवावर बेतू शकतं. आधी तपासणी कर, मग तिला डॉक्टरकडे घेऊन जा. "त्याला दोन्ही गोळ्या एकच वाटत होत्या. सातवं सेमिस्टर चालू होतं त्याचं."

मला यात नवल वाटलं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सरोगसी आहे, टेस्ट ट्यूब बेबी आहे, वीर्यपेढीसुद्धा आहे. म्हणजे मूल होत नसेल तर काय करायचं याची सोय बोर्डानं केली आहे. आपल्या पोरांची अडचण नेमकी उलटी.

"तो धडा तरी कुठे शिकवतात?" दिलीप म्हणाला. "आम्हाला सरांनी सांगितलं होतं, घरी वाचा."

"अजून तसंच सांगतात," वहिनी म्हणाल्या. "आणि मार्गदर्शन असलं की मुली हॉलमध्ये, मुलं मैदानावर. मुलींना पॅड कसं वापरायचं ते कळतं आणि मुलांना फुटबॉल मिळतो. मग आमची अपेक्षा की पुढे जाऊन याच पोरांनी जबाबदारीनं वागावं."

वहिनींनी त्यावर केलेला उपाय मला फार आवडतो. वर्गात एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. सगळ्यांनी एकाच वेळी चिठ्ठी टाकायची आणि काही विचारायचं नसेल त्यानं कोरी टाकायची, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. त्यांनी काही प्रश्न सांगितले. किस केल्यावर दिवस जातात का? पहिल्याच वेळी दिवस जात नाहीत असं दादा म्हणतो, खरं आहे का? हस्तमैथुनानं कमजोरी येते का? (हा दरवर्षी असतो आणि दरवर्षी सगळ्यात जास्त असतो.) आणि एका चिठ्ठीवर, बारीक अक्षरात: काका घरी आले की मला बाथरूमला जायची भीती वाटते, हे कुणाला सांगायचं?

कट्टा गप्प झाला. ती मुलगी पुढे स्वतःहून बोलली आणि मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन गेला, एवढंच वहिनींनी सांगितलं. "खोकं नसतं तर हे कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे कंडोमवर अडकलाय. पोरांना आधी हे शब्द तरी हवेत ना."

आप्पा एसटीतून निवृत्त. त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती."

विनू वकील आहे आणि त्याला असं वाक्य कुणी बोलायचीच वाट असते. "आप्पा, तुमच्या वडिलांच्या वेळीसुद्धा होती. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 मध्ये. 'समाजस्वास्थ्य' 1927 पासून 1953 पर्यंत चालवलं, पदरमोड करून. नोकरी गेली. आणि 1934 चा खटला कशावरून झाला माहितीये? वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. म्हणजे या वहिनींच्या खोक्यातल्या चिठ्ठ्याच की. वकील कोण होते? डॉ. आंबेडकर."

"सुटले?"

"दंड झाला."

"बघा," आप्पा म्हणाले, जणू काही त्यांचाच मुद्दा सिद्ध झाला होता.

दिलीप अजून मूळ जागीच होता. सांगितलं की करणार. इथे मी तोंड घातलं. युनेस्कोनं जगभरातले अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये मार्गदर्शिका काढली, 2018 मध्ये ती सुधारली. निष्कर्ष असा की असं शिक्षण दिल्यानं पोरं लवकर सुरुवात करत नाहीत आणि जास्तही करत नाहीत. उलट अमेरिकेत सरकारनं 'लग्नापर्यंत थांबा' एवढंच शिकवण्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला. 2007 मध्ये सरकारनंच करवून घेतलेला अभ्यास आला, तर ते शिकलेली आणि न शिकलेली पोरं सारखीच वागत होती. गंमत म्हणजे त्याच 2007 साली आपल्या विधिमंडळात पुस्तकातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रानं शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं.

"पण ते अमेरिकेचं, मर्दा."

"बरं, मग बाळूच्या काउंटरचं घे."

बाळूला हुरूप आला. त्याचं म्हणणं, शिकवायचंच तर कामाचं शिकवा. कंडोमच्या पाकिटावरची तारीख बघायची. पाकीट मागच्या खिशात, पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, उष्णतेनं आणि घासून खराब होतं. दातानं फाडायचं नाही. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावायचं नाही, रबर विरतं. एकावर एक दोन घालायचे नाहीत. एक कंडोम एकदाच. "नीट वापरला तर वर्षभरात शंभर जोडप्यांत दोघांना दिवस जातात. लोक जसा वापरतात तसा वापरला तर तेरा जणांना. मधले अकरा हे शाळेचं अपयश आहे, रबराचं नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं आधीच घोकून ठेवलं असावं, पण हिशोब बरोबर आहे.

"आणि अठराच्या आत हे शिकवणार?" विनू म्हणाला. "पॉक्सो वाचलाय का कुणी?"

इथून चर्चा खऱ्या अर्थानं अवघड झाली. पॉक्सो म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा. 2012 च्या या कायद्यानं संमतीचं वय सोळावरून अठरा झालं. सतरा वर्षांची पोरगी आणि सतरा वर्षांचा पोरगा, दोघांच्या मर्जीनं, तरी गुन्हाच. पोरगा बालन्याय मंडळापुढे. डॉक्टरला कळलं की त्यानं पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर तोच अडचणीत. गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये एवढी वाट करून दिली की अल्पवयीन मुलीनं किंवा पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

"म्हणजे काय शिकवायचं? करू नका, गुन्हा आहे. केलंत तर 72 तासांत गोळी आहे. पण डॉक्टरकडे गेलात तर पोलीस येतील. हे एका तासात बसवून दाखवा," विनू म्हणाला.

"तिन्ही सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "तिन्ही खरं आहे ना? कायदा लपवला तर पोरं फसतात आणि गोळी लपवली तरी फसतात."

विनू म्हणाला की असं तिन्ही सांगणाऱ्या मास्तरची बाजू मांडायला पुढे कुणीतरी लागेल. फी घेणार नाही, असं मात्र तो म्हणाला नाही.

सर्जेराव इतका वेळ चहाचा ग्लास धरून बसला होता. साखर कारखान्याच्या शेती खात्यात असतो, हंगामात झोप नसते त्याला. "तुमचं सगळं शाळेतल्या पोरांचं चाललंय," तो म्हणाला. "उसाच्या फडातल्यांचं काय?"

बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला अर्धा कोयता. आई-बाप सहा महिने बाहेर, पोरगी वयात आलेली, तिला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग लग्न. "सोळाची पोरगी कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटवती, पहाटे मोळ्या बांधती, पोटात पाच महिन्यांचं. तिला कुठल्या वर्गात बसवणार तुम्ही?"

मी मोबाइलवर आकडे काढले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत 7.6 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर. आपण कॉलेजच्या पोरांच्या नावानं घसा कोरडा करतो, पण या राज्यात कोवळ्या वयात दिवस गेलेल्या बहुतेक पोरींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. त्यांच्यासाठी संमतीपत्र कुणी पाठवत नाही. आणि दहावीच्या धड्यापर्यंत त्यातल्या कितीतरी जणी पोचतच नाहीत. म्हणून माझं मत त्या रात्री पक्कं झालं ते असं, की जे सांगायचं ते आठवीच्या आत सांगायचं, गळती लागायच्या आधी. धडा दहावीत ठेवणं म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, तिला वगळून शिकवणं.

विनूनं त्यातही मेख काढली. नवरा असला तरी 2017 पासून अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच धरला जातो. "म्हणून तर दवाखान्यात वय एकोणीस सांगतात," सर्जेराव म्हणाला. "किंवा जातच नाहीत."

"अंतरा आहे की सरकारी दवाखान्यात," बाळू म्हणाला. "दिवस राहू नयेत म्हणून तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. छाया गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दोन्ही फुकट. डॉक्टरनं तपासून द्यायचं फक्त."

"कोण नेणार तिला? दिवस मोडला तर खाडा पडतो."

वहिनींनी विचारलं, टोळीत जाऊन बोलता येईल का. सर्जेरावाचं म्हणणं, यार्डात गाड्या तुंबल्या की एखादा दिवस तोड बंद राहते, तेव्हा सगळे कोपीवर असतात. मुकादमाला तो सांगेल. गावच्या आशाताईंना आधी गाठायचं, कारण कोणत्या कोपीत कोण गरोदर आहे हे त्यांनाच माहीत असतं. गडीमाणसांशी बोलायला बाळूनं यायचं, बायकांशी वहिनींनी.

"मीपण येतो," दिलीप म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "काय बघायलाय? गाडी माझी आहे. तुम्ही काय चालत जाणार?"

"आणि पोराची सही?"

"करतो. पण ते कंडोमचं नववीत नको, अकरावीत सांगा."

"आत्ता काय बोललो आपण!" बाळू ओरडला, समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी उघडली, आणि आप्पांनी आम्हाला आवाज कमी करायला लावला.

मग वहिनींनी प्रश्न काढला की कोपीवर आधी नवऱ्यांशी बोलायचं की सासवांशी. बाळू म्हणाला नवऱ्यांशी, वापरायचं त्यांनी आहे. सर्जेराव म्हणाला, सासू टोळीतच असते आणि पहिलं मूल कधी हे तीच ठरवते, तिला वगळलंत तर तुम्हाला चहासुद्धा मिळणार नाही. त्या सासवांवर मग पाऊण तास गेला.