दोन स्टार देणाऱ्या निपाणीच्या पालकांना, एअर रायफल रेंजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारच्या क्लब मॅचला मुलाचं २८ हजारांचं नेमबाजीचं जॅकेट ‘जाड आहे’ म्हणून अडवलं, रायफलच्या हवेच्या सिलिंडरची तारीख संपली म्हणून हवा भरून दिली नाही, रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबला म्हणून कोच सगळ्यांसमोर ओरडला, आणि हा सगळा खटाटोप आमचं जॅकेट खपवण्यासाठी, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं आधी सांगतो. आम्ही जॅकेट विकत नाही. काउंटरवर पेलेट (एअर रायफलचे छर्रे), टार्गेट पेपर आणि चहा, एवढाच आमचा धंदा. रेंजची पाच जुनी जॅकेटं आहेत, ती फीमध्येच वापरायला मिळतात.

आता तुमचं जॅकेट. ते डोळ्यांनी बघून जाड ठरवलेलं नाही. मोजायच्या यंत्राला ३० मिलिमीटरच्या दोन गोल चकत्या असतात, त्यांच्यामध्ये कापड धरायचं आणि ५ किलोचा भार द्यायचा. अशा दाबाखाली एकेरी कापड २.५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. पाठीवर तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही वेळा २.८ आलं. आकडा तुमच्या मुलानंच वाचला. ०.३ नं काय बिघडतं, असं तुम्ही त्या दिवशीही म्हणालात. आंतरराष्ट्रीय नियमात इथे सूट शून्य आहे, २.६ आलं तरी नापास. जाड, कडक जॅकेट पाठीला प्लास्टरसारखं धरून ठेवतं. मग ५ किलोच्या आसपासची रायफल कापड तोलतं, पोरगं नाही.

घरी एक करून बघा. जॅकेट उलटं करा आणि कॉलरखालून हात घाला. मूळ शिलाई राखाडी दोऱ्याची आहे. त्याच्या खाली काळ्या दोऱ्यानं शिवलेला एक जास्तीचा थर लागेल. हे कंपनीचं काम नाही, आधीच्या मालकानं घातलेलं ठिगळ आहे. ज्यानं तुम्हाला ऑनलाइन विकलं त्याला हे माहीत नसेल, असं मला तरी वाटत नाही. थर उसवला तर जाडी बसेल. पण त्यानंतर कडकपणाची वेगळी चाचणी राहते: ६० मिलिमीटरच्या कड्यावर कापड ठेवून मधोमध २० मिलिमीटरची चकती १ किलोनं दाबतात, कापड किमान ३ मिलिमीटर खाली गेलं पाहिजे. हे यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून जॅकेट पास झालंच असं लिहून देणार नाही.

आमचं चुकलं ते इथे. हे जॅकेट घालून तो तीन रविवार आमच्याच रेंजवर सराव करत होता. पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं, मॅचच्या सकाळी नाही. पोराला तीन आठवडे चुकीच्या आधाराची सवय लागली आणि ऐन वेळी तो आधार काढून घेतला. कोचनं रेंजचं जॅकेट देऊ केलं होतं, तो नको म्हणाला. पण १४ वर्षांचं पोर डोळे पुसत असताना नकोच म्हणणार. शांत झाल्यावर परत विचारायला हवं होतं, ते झालं नाही. या महिन्याची फी पुढच्या महिन्यात वळती केली आहे.

‘क्लबचीच तर मॅच, चालवून घ्यायचं’ हे मात्र पटत नाही. राज्य स्पर्धेत ६० शॉट सव्वा तासात मारून झाल्यावरही तपासणीला बोलावतात. तिथे जॅकेट बसलं नाही तर सगळा स्कोअर पाण्यात, आणि मग नापासाचा शिक्का आमच्या क्लबच्या नावावरही बसतो. तेवढा स्वार्थ आहे, कबूल.

सिलिंडरबाबत माघार नाही. गाडीच्या चाकात साधारण सव्वादोन बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा असते. रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार भरतात, म्हणजे जवळजवळ नव्वद पट. त्यावर कोरलेल्या तारखेपासून दहा वर्षं उलटली आहेत. तारखेत असलेला सिलिंडर वापरणं ही नियमानं खेळाडूचीच जबाबदारी, पण तो फुटला तर हॉलमध्ये मी आणि बाकीची पोरंही असतो. नळकांडं नवीन घ्या, रायफल उत्तम आहे.

ओरडण्याचं दोन तुकड्यांत सांगतो. चौथ्या लेनची टार्गेट ओढायची दोरी अडकली म्हणून एक मुलगी टार्गेटजवळ गेली होती. त्याच वेळी मागे खुर्चीत बसून तुमच्या मुलानं सेफ्टी फ्लॅग काढून ड्राय फायर केलं, म्हणजे रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबला. रिकामी आहे हे त्याला ठाऊक होतं, बाकी कुणाला नव्हतं. फ्लॅग म्हणजे नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घातलेली भडक रंगाची दोरी (आमच्याकडे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी आहे, मीटरवर मिळते). ती दिसली की चेंबर रिकामं आहे हे लांबूनही कळतं. ड्राय फायर फायरिंग लाइनवर, परवानगीनंच. तेव्हा पहिली आरोळी बरोबर होती, मी असतो तर मीही मारली असती. त्यानंतर दहा मिनिटं सगळ्यांसमोर जे ऐकवलं, त्याची गरज नव्हती. कोचशी बोललोय, तो मुलाला स्वतः फोन करेल.

पेलेटच्या डब्याची पावती दिली नाही, हे खरं. मिळेल. तुम्ही आणलेले टोकदार पेलेट मात्र इथे चालत नाहीत. चपट्या डोक्याचा पेलेट कागदाला पंचनं पाडल्यासारखं गोल भोक पाडतो, टोकदार कागद फाडतो. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. फाटक्या कडेवरून दहा की नऊ हे कसं ठरवायचं?

‘स्वप्नील कुसाळेसारखं ५० मीटर का शिकवत नाही’ असंही तुम्ही विचारलंय. राधानगरीच्या कांबळवाडीच्या त्या पोरानं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणल्यापासून निम्मे पालक हेच विचारतात, आनंद आहे. पण ती पॉइंट टू टूची (०.२२ इंच नळीची) काडतुसाची रायफल, तिला शस्त्रपरवाना लागतो. आमचा हॉल १० मीटरचा, एअर रायफलचा. ४.५ मिलिमीटर नळीच्या या रायफलची ताकद २० जूलच्या बरीच खाली असते, म्हणून तिला परवाना लागत नाही.

निपाणीहून कोल्हापूर जवळ पडत असूनही तुम्ही पोराला बेळगावला आणता, याची जाणीव आहे. शनिवारी चार वाजता हॉल मोकळा असतो. थर उसवून जॅकेट घेऊन या, त्याच्यासमोर परत मोजू. डिकीत घडी घालून आणू नका, हँगरला अडकवून आणा. आणि जुना सिलिंडर गाडीत उन्हात ठेवू नका.