शिडांची शर्यत आणि आमची खाडी

कोकणात कुठेतरी यॉटसाठी, म्हणजे हौसेच्या बड्या नौकांसाठी, मरिना (त्या लावायचं खास बंदर) होणार अशी बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. पुण्यातला भाचा उत्साहात असतो. रोजगार येईल, पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही, वगैरे. विजयदुर्गकडचा माझा चुलतभाऊ, ज्याची स्वतःची होडी आहे, तो एका ओळीत विषय संपवतो: "आमच्या दर्यात ह्येंचे चोचले कित्याक?" मग कोणीतरी मला मध्ये ओढतं. "तू थंय रवतस, तू सांग."

थंय म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं अँटिग्वा. व्हिव्ह रिचर्ड्सचं बेट म्हटलं की आपल्याकडे पटकन उमगतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, आणि नशिबाने घर मिळालं ते फाल्मथ बंदराजवळ. हिवाळ्यात इथे सुपरयॉटच्या शर्यती होतात आणि बहुधा एप्रिलात जुन्या शिडाच्या जहाजांची क्लासिक रेगाटा, म्हणजे शर्यतींचा मेळा. सुपरयॉट इतक्या अवाढव्य आणि महाग, की एकमेकींपासून निदान चाळीस मीटर लांब राहायचं असा त्यांच्या शर्यतीत नियमच असतो. हळू असेल तिला आधी सोडतात, वेगवान असेल तिला शेवटी, म्हणजे शेवटच्या टप्प्यात सगळ्या जवळपास येतात. बघायला छान वाटतं. पण खरं सांगू का, तासाभराने मला कंटाळा येतो. सगळं इतकं चकचकीत, की माणसं दिसतच नाहीत.

क्लासिकचं तसं नाही. तिथे स्कूनर असतात. बहुतेकांना दोन डोलकाठ्या, त्यातली मागची पुढचीपेक्षा उंच किंवा तिच्याइतकी, आणि शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने बांधलेली. शर्यतीच्या आदल्या दिवशी धक्क्यावर चक्कर मारावी. एखादी पोरगी पाय दुमडून बसून सागवानी कठडा पॉलिश पेपरने घासत असते. वॉर्निशचा हात द्यायचा, सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात. दोरांचा ढीग, पितळ पुसल्याचा वास, आणि शीड वर चढवताना दोराला लोंबकळणारी आठ-दहा माणसं. दोर ओढायला विंच, म्हणजे फिरकीची यंत्रं, आहेत, पण हात लावल्याशिवाय हलत नाही काही.

त्या ताफ्यातल्या 'कोलंबिया' या स्कूनरची गोष्ट मी मुद्दाम भावाला लिहून पाठवली. हे जहाज 2014 सालचं, सांगाडा पोलादी. पण ते ज्याची नक्कल आहे ती मूळ कोलंबिया 1923 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर बांधली होती, आणि ती होती मासेमारीची. कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासे पकडायला जायची. 1927 च्या वादळात सगळ्या खलाशांसकट बुडाली. आज लोक शँपेनचा ग्लास हातात घेऊन जिचं कौतुक करतात, ते रूप मुळात तांडेलांचं आहे. चोचले नंतर आले.

या शर्यतीतल्या माझ्या लाडक्या होड्या मात्र आणखी वेगळ्या. कॅरियाकू या ग्रेनाडा देशाच्या छोट्या बेटावर किनाऱ्यावरच, माडाच्या सावलीत, स्लूप बांधतात. एकच डोलकाठी, लाकडी अंग. नकाशा नाही, कागद नाही, सगळं नजरेच्या मापाने. माल वाहायला, मासे मारायला, आणि खरं बोलायचं तर दारूच्या चोरट्या व्यापारालाही त्या वापरल्या गेल्या. होडी पाण्यात लोटायच्या दिवशी अख्खं गाव दोर ओढायला येतं. आमच्याकडे पूर्वी गलबत लोटताना वेगळं काय व्हायचं? ही बांधणी 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि 2024 च्या जुलैत बेरिल वादळाने ते बेट पार झोडपलं. या स्लूप अँटिग्वाला येतात आणि कोट्यधीशांच्या स्कूनरबरोबर त्याच पाण्यात धावतात. त्यांचा वेगळा गट असतो, पण धक्का एकच.

मला भाच्याशी आणि भावाशी एकदमच भांडायचंय ते इथे.

भाच्याला सांगायचं ते हे की मरिना म्हणजे बारमाही धंदा नव्हे. इथे जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. विमा कंपन्यांच्या अटींमुळे बड्या यॉट त्याआधीच युरोपला नाहीतर अमेरिकेच्या उत्तरेला निघून जातात, आणि आमचं बंदर ओकंबोकं होतं. हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आणि दर्या त्यानंतरही लगेच शांत होत नाही. तेव्हा नोकऱ्यांचा हिशेब आठ महिन्यांचा धरायचा. शिवाय बड्या यॉटवरचे कप्तान आणि खलाशी बहुतेक बाहेरचे. स्थानिकांच्या वाट्याला येतं ते वॉर्निश, धुलाई, टॅक्सी आणि स्वयंपाक. वाईट नाही, पण ब्रोशरमध्ये हे छापत नाहीत.

भावाला सांगायचं ते जरा अवघड आहे. इथलं नेल्सन्स डॉकयार्ड, इंग्रजी आरमाराची जुनी गोदी, अठराव्या शतकात गुलाम आफ्रिकी माणसांच्या घामावर उभं राहिलं. 1889 मध्ये इंग्रजी आरमार ते सोडून गेलं आणि ते पडीक झालं. पुढे दुरुस्त केलं, 2016 मध्ये जागतिक वारसा झालं, आणि आज त्याच धक्क्याला जहाजं लागतात, शिडं शिवली जातात. विजयदुर्गही 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. त्याच विजयदुर्गाखाली 1756 मध्ये आंग्र्यांचं आरमार जळालं, इंग्रजांनी जाळलं आणि पेशव्यांनी साथ दिली. जवळच गिर्याला खडकात खोदलेली गोदी आहे. तिथे आता काय चालतं? पाटी वाचून, सेल्फी काढून माणसं आंबे घ्यायला पुढे जातात. नुसतं नको म्हटल्याने धक्का जिवंत राहत नाही, तो वापरावा लागतो.

म्हणून मरिना हवा की नको एवढ्यावरच गुद्दागुद्दी करण्यात मला रस नाही. जनसुनावणीला जाऊन विचारायचं ते असं: पावसाळ्यात आमच्या होड्या कुठे ओढणार, जाळी सुकवायची जागा कोणाच्या नावावर, धक्क्यावर डिझेल आणि बर्फाला आधी नंबर कोणाचा. आणि शर्यत भरवायचीच असेल तर गाबित मच्छीमारांच्या उलांडीच्या (तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेल्या) होड्याही त्याच पाण्यात, त्याच धक्क्यावरून, नुसत्या फोटोसाठी नव्हे तर बक्षिसासाठी.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भाच्याने अंगठा दिला. भावाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, बहुधा दर्यावरून परतल्यावर: "शर्यत करूया. पण शिडाची होडी बांधतलो कोण? सुताराचो झील आता गोव्यात फायबराच्या कारखान्यात आसा."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोव्यात बांधलेलं आणि 2025 च्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतकडे निघालेलं नौदलाचं, फळ्या दोराने शिवून बांधलेलं जहाज 'कौंडिण्य' मला आठवलं, पण त्याला टाके घालायलाही कारागीर केरळातून आणावे लागले होते. तरी तेच लिहिलं. त्यावर भावाने विचारलंय, केरळवाले दिवसाचे किती घेतात.